तिसरा कॉम्प्रेसर बसवण्याआधी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, वरच्या खोलीतल्या एसीचे लागोपाठ दोन कॉम्प्रेसर जळाले, तरी मेकॅनिकला तिसऱ्यासाठी एवढ्यात होकार देऊ नका. हे पत्र वायरमनलाही वाचून दाखवता येईल, म्हणून सविस्तर लिहितेय.

एक कॉम्प्रेसर जळला तर मशीनचा दोष म्हणता येतो. पाठोपाठ दुसराही जळला, की कारण बहुतेक बाहेर असतं. संध्याकाळी स्टॅबिलायझरवर इनपुट १८० व्होल्ट दिसतं, एसी सुरू होताना ट्यूब मिणमिणते, असं तुम्हीच सांगितलंत. घरात २३० व्होल्ट हवेत. दहा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे २०७ पर्यंत. कॉम्प्रेसरमधल्या मोटारीचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) हिशोबानं घटतो, त्यामुळे १८० ला तो जेमतेम ६० टक्के उरतो. कॉम्प्रेसर नुसता घुमतो, उचलत नाही, करंट मात्र ओढत राहतो आणि वाइंडिंग, म्हणजे मोटारीतलं तारेचं वेटोळं, भाजतं. उन्हाळ्यात आपल्या विहिरीवरची मोटार रिवाइंडिंगला उद्यमनगरात न्यावी लागायची, तसंच हे.

पण व्होल्टेज पडतंय कुठे? आईनं पाठवलेल्या फोटोत एसीच्या प्लगची एक पिन काळी पडलीय आणि सॉकेटचं भोक तपकिरी होऊन वितळलंय. मला खरी धास्ती त्याची वाटते. तिथे सैल जोड आहे, आग लागू शकते. ते सॉकेट आधी बदलून घ्या, तोवर त्याला काही लावू नका.

मग संध्याकाळी लोड असताना वायरमनला बोलवा. नव्या सॉकेटवर पाणी तापवायची कॉइल बादलीत ठेवून चालू करायची आणि त्याच वेळी मीटरपाशी नि सॉकेटवर, दोन्हीकडे व्होल्टेज मोजायचं. मीटरपाशी २२५ आणि वर सॉकेटवर १९५ असेल, तर दोष आपल्या वायरिंगचा. वरच्या खोलीला जुनी दीड स्क्वेअर एमएमची वायर गेलीय. दीड टनाच्या एसीला मीटरपासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर हवी. स्टॅबिलायझरनं हे झाकलं जात नाही. तो आउटपुट वाढवतो, पण त्यासाठी त्याच बारीक वायरीतून आणखी करंट ओढतो.

मीटरपाशीच १८० असेल, तर शेजारी विचारा आणि वीज तक्रारीच्या १९१२ नंबरवर तक्रार नोंदवून नंबर लिहून ठेवा. कधी दिवे एकदम लख्ख झाले, तर न्यूट्रल सैल असेल. लगेच मेन स्विच बंद करा.

मेकॅनिकला एवढंच विचारा: मागच्या वेळी जळालेलं तेल धुऊन काढलं होतं का, गॅसच्या नळीतला ओल शोषणारा फिल्टर ड्रायर बदलला होता का, गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्यूम केला होता का? जळालेल्या तेलातलं अॅसिड आत राहिलं, तर नवा कॉम्प्रेसरही टिकत नाही. मोटार सुरू करायला मदत करणारा कपॅसिटरही मोजून घ्यायला सांगा.

आई, उकाड्यात तुझी झोप होत नाही हे कळतंय गं. पण तोवर दोघं खालच्या खोलीतच झोपा. बाबांना बीपीची गोळी आहे, वरच्या तापलेल्या स्लॅबखाली नको. वायरीचे पैसे मी पाठवते. बाबा, दोन्ही आकडे मोजल्या मोजल्या मला कळवा, मग काय करायचं ते फोनवर ठरवू.

तुमची,
लेक