उद्याची पानं

सोलापूर,
२५ जानेवारी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतल्या त्या रात्रीबद्दल तुझ्याशी बोलायचं राहून गेलं. फोनवर जमणार नाही म्हणून लिहिते.

दारूकाम बघायला सगळे गच्चीवर गेले होते. डोकं दुखतंय म्हणून तू खालीच थांबलीस. मी चटई न्यायला आले तर खोलीत अंधार, आणि त्या अंधारात तू व्यायाम करत होतीस. अंगात कणकण होती, चेहरा ओढलेला. मी थांब म्हटलं तर म्हणालीस, "आई, आज चुकलं तर एकशे त्रेचाळीस दिवस वाया जातील." बाहेर आकाशात लाल-हिरवा उजेड फुटत होता, वर पोरं ओरडत होती. लहानपणी याच दारूकामासाठी तू बाबांच्या खांद्यावरून उतरायची नाहीस.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जाग आली नाही, तर दिवसभर कुणाशी धड बोलली नाहीस. संध्याकाळी म्हणालीस, "आता सगळं सोमवारपासून नव्यानं." त्या दिवशी शुक्रवार होता. शनिवार आणि रविवार तू नुसते टाकून दिलेस. ते दोन दिवस तू आमच्याजवळ होतीस गं.

मला याचा राग आला नाही, भीती वाटली. कारण हे कुठून आलं ते मला माहीत आहे. तुझ्या दहावीच्या वर्षी कपाटाच्या दारावर वेळापत्रक मी चिकटवलं होतं. साडेचारला उठणं, पाच ते सात गणित, एकेक तास आखलेला. आणि चुकलेल्या तासावर लाल पेनानं फुली. तीस वर्षं शाळेत हजेरीपट भरले, घरातही मी हजेरीच घेत राहिले. तुला कावीळ झाली तेव्हा पडल्या पडल्या तू विचारलं होतंस, "आजची फुली नको ना मारूस?" मी मारली नाही. पण कागदही काढला नाही. तो त्याच दिवशी काढायला हवा होता. बाळा, ती चूक माझी. ती फुली आता तुझ्या फोनमधल्या दिवसांच्या मोजणीत जाऊन बसली आहे.

तुझी आजी, माझी आई, विड्या वळायची हे तुला माहीत आहे. पण तिचा दिवस कसा असायचा ते तू पाहिलेलं नाहीस. रात्री पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याच्या मापानं कापायची. मग मांडीवर सूप घेऊन बसली की वळतच राहायची. मजुरी हजारावर, म्हणून मोजणं भाग होतं. कारखान्यात माल द्यायला गेली की तपासणारा मूठमूठ विड्या बाद करायचा. त्यांची पानं गेली, तंबाखू गेला, वेळ गेला आणि पैसे नाहीत. मी तिच्याबरोबर जायचे, मला रडू यायचं. ती घरी यायची, भाकरी थापायची, आणि निजण्याआधी उद्याची पानं भिजत घालायची. बाद झालेल्या विड्यांसाठी तिनं पानं भिजवायची कधी सोडली नाहीत. घरात आम्ही चार भावंडं होतो, सोडून चालणार नव्हतं.

तिचे दिवस खरोखरच कुणीतरी मोजून घेत होतं. तुझे कोण घेतंय? कुठल्या तपासणाऱ्यापुढे तू रोज सूप घेऊन उभी राहतेस?

एकवीस दिवसांत सवय लागते, एकही दिवस चुकता कामा नये, असं तू मला सांगितलंस. मी शोधून वाचलं. तो एकवीसचा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनकडून पसरला. शस्त्रक्रियेनंतर आपला बदललेला चेहरा आपला वाटायला लोकांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं होतं. पुढे 'निदान' हा शब्द गळाला आणि आकडा तेवढा राहिला. नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. प्रत्येकानं रोजची एकच साधी गोष्ट निवडली होती. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले; कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुझे एकशे त्रेचाळीस दिवस कुठेही जात नाहीत, सोनू. ते तुझ्या पायांत आहेत.

माझंच बघ. साखर वाढलेली निघाल्यापासून सहा वर्षं मी कंबर तलावाकडे फिरायला जाते. पण आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांनी एकदा. पाणी पहाटे आलं की पिंप, हंडे, घागरी भरण्यातच सकाळ संपते, फिरणं राहतं. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला की उशिरा निघायची सोय नसते. तुझ्या मामाच्या आजारपणात तर सलग महिनाभर चप्पल घातली नाही. किती दिवस चुकले ते मी कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर त्या महिन्यानंतर माझं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं नसतं, एवढं मला माझ्याबद्दल कळतं.

तू पळतेस, वाचतेस, वेळेवर झोपायचा प्रयत्न करतेस, याचा मला अभिमान आहे. सोडून दे असं मी म्हणत नाही. तो आकडा तेवढा पुसून टाक. बरं वाटत नसेल त्या दिवशी झोप. पाचला जाग आली नाही तर सातला ऊठ आणि चहा पी, त्या दिवसाचे बाकीचे तास तसेच शिल्लक असतात. सोमवारची वाट बघू नकोस.

तुझ्या धाकट्या मावशीचा मुलगा परवा पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवते आहे. भाकऱ्या बऱ्याच दिवस टिकतात, पुरवून खाल्ल्या नाहीस तरी चालेल. चटणीत या खेपेला लसूण जरा जास्त पडलाय.

रविवारी फोन कर. नाही जमला तर मंगळवारी कर.

तुझी,
आई