हिरवं म्हणजे तोंडीलावणं

कुडाळ,
श्रावणातला रविवार

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू कोंबड्यांना ‘अझोला’ घालणार म्हणालास आणि नेमकी रेंज गेली. पाऊस असा लागलाय की टॉवर दोन दिवस मेल्यासारखा पडलाय. म्हटलं, बरंच झालं. फोनवर बोललो असतो तर तू दर वाक्याला ‘हो हो, बघितलंय मी व्हिडिओत’ म्हणाला असतास. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

तर तू गिरिराज जातीच्या आठ तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरण्या कोंबड्या, आणल्यास, साताऱ्याच्या परसात जाळी मारलीस, आणि आता खाद्याचा खर्च शून्यावर आणणार म्हणतोस. हेच वाक्य तीन वर्षांपूर्वी माझ्या तोंडी होतं. पुढे काय झालं ते ऐक.

दिवाळी झाल्यावर मी फणसाच्या सावलीत दोन मीटर लांब, एक मीटर रुंद हौद केला. कडेने चिरे, त्यावर प्लास्टिकचा जाड कागद, आत दहा-पंधरा किलो चाळलेली माती, दोन किलो शेण पाण्यात कालवून, ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट, आणि वर चार इंच पाणी. त्यात किलोभर अझोला सोडला. ही खरं तर पाण्यावर तरंगणारी नेच्याच्या जातीतली वनस्पती. तिच्या इवल्याशा पानांत एक निळं-हिरवं शेवाळ राहतं, ते हवेतला नत्र धरून तिला देतं. म्हणून युरिया लागत नाही, पण फॉस्फरस मात्र आपण घालावा लागतो. दर पाच दिवसांनी किलोभर शेण आणि २० ग्रॅम सुपर फॉस्फेट, अधूनमधून थोडं पाणी बदलायचं, एवढीच निगा. दहा-बारा दिवसांत पाणी दिसेनासं झालं आणि रोज अर्धा किलो अझोला निघायला लागला. मी खूश. कोंबड्यांचं रोजचं खाद्य सरळ निम्म्यावर आणलं.

आठवडाभर काही जाणवलं नाही. मग चौदा कोंबड्यांची रोज दहा-अकरा अंडी मिळायची ती सहावर आली, मग तीनवर. कवच तर इतकं पातळ की उचलताना बोट आत जायचं. मी म्हटलं, थंडीमुळे असेल. कुडाळात थंडी! बायको म्हणाली, “थंडी कसली? तुम्ही त्यांना उपाशी मारताय.”

शेवटी मुलीने स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. १०० ग्रॅम ओला अझोला मोजून कागदावर वाळत टाकला. कडकडीत वाळल्यावर तो ७ ग्रॅम भरला. बाकी सगळं पाणी! व्हिडिओवाले सांगतात ते पंचवीस टक्के प्रोटीन खोटं नाही रे, पण ते वाळवलेल्याचं. आता तूच हिशेब कर, तू बँकेत होतास. अर्धा किलो ओला म्हणजे ३५ ग्रॅम सुका, त्यात प्रोटीन जेमतेम ९ ग्रॅम. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते, त्यात सोळा टक्के धरलं तरी १७-१८ ग्रॅम प्रोटीन होतं. म्हणजे मी ज्या हौदाभोवती सकाळ-संध्याकाळ पिंगा घालत होतो, तो चौदांपैकी एकीचा अर्धा दिवस भागवत होता.

दुसऱ्या दिवसापासून खाद्य पूर्ववत केलं. अंडी पहिल्यासारखी यायला महिना गेला.

म्हणून तुला सांगतो, हिरवं हे कोंबडीचं तोंडीलावणं आहे, जेवण नव्हे. आपण कोशिंबिरीवर दिवस काढू का? सकाळी आधी पोटभर खाद्य आणि हिरवं दुपारनंतर. उलटं केलंस तर ती पाल्यानेच पोट भरते आणि खाद्याकडे बघतसुद्धा नाही. पण तोंडीलावण्याशिवाय जेवणाला चव नसते, तसं हिरव्याशिवाय अंड्याला रंग नसतो. बलकाचा रंग कोंबडी स्वतः तयार करत नाही, तो तिच्या खाण्यातून उतरतो. गेल्या दसऱ्याला घराचं तोरण उतरवून झेंडूच्या पाकळ्या टाकल्या, तर आठ-दहा दिवसांत बलक असा केशरी झाला की पाहुण्यांना वाटलं आम्ही रंग घातलाय. तयार खाद्यातही पुष्कळदा झेंडूचाच अर्क असतो, त्यामुळे नुसत्या रंगावरून ‘अस्सल गावठी’ म्हणून डोलू नकोस. आणि झेंडू स्वतःच्या दारचाच घाल, बाजारच्या फुलांवर काय काय फवारलेलं असतं ते आपल्याला कळत नाही.

माझं ऐकशील तर अझोल्याच्या आधी शेवगा लाव. १०० ग्रॅम ओल्या पाल्यात सात-नऊ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे माझ्या अख्ख्या हौदाएवढं चार फांद्यांत! आमच्याकडे गोकुळाष्टमीला शेगलाची, म्हणजे शेवग्याच्याच पाल्याची, भाजी असतेच. त्या दिवशी देठं आणि निबर पाला कोंबड्यांकडे जातो आणि त्यांचीही अष्टमी होते. तुझ्याकडे लसूणघास मिळतो, तो तर सोनं आहे, पण बोटभर कापून घाल. लांब दांडे गिळले तर गळ्यातल्या पिशवीत गोळा होऊन अडकतात. माझी एक कवडी कोंबडी अशीच गेली, गळा चेंडूसारखा टम्म फुगला होता. सुबाभळीचा मोह टाळ, तिच्यात मिमोसिन नावाचं विष असतं. कोवळी ज्वारी गुरांना कशी बाधते ते तुम्हा घाटावरच्यांना मी काय सांगणार! पालक चालतो, पण रोज नको, तो कॅल्शियम अडवून धरतो. आणि घोळ उपटून फेकू नकोस. घोळ म्हणजे भाजी रे, मासा नव्हे, तो कोंबडीला घालण्याइतका मी श्रीमंत झालेलो नाही. १९८९ मध्ये ग्रीसमधल्या मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्यांची अंडी तपासली, तर त्यांत ओमेगा-३ दुकानातल्या अंड्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. त्या कोंबड्या खात होत्या त्यांत ही घोळही होती.

पाला जमिनीवर फेकू नकोस. कोंबडीला पोपटासारखं पायात धरून खाता येत नाही. ती पानाला चोच मारते, मान झटकते, पान तिच्याबरोबरच उडतं आणि ती वेड्यासारखी त्याच्यामागे धावते. अर्धा पाला शेवटी शिटेत तुडवला जातो. जुडी बांधून तिच्या डोक्याच्या उंचीवर टांग. मग बघ, एक चोच मारते, मान मागे घेते, टर्रकन तुकडा तोडते, दुसरी लगेच तिची जागा घेते, आणि मधोमध जुडी झोके घेत असते. माझा तासभर तिथेच जातो, बायको हाका मारून थकते. त्यांनाही काम मिळतं, एकमेकींची पिसं उपटायचं सुचत नाही.

परसात वाफा करायचा असेल तर उघडा ठेवू नकोस, तीन दिवसांत नुसती धूळ उरेल. मी चार चिरे ठेवून त्यांवर लोखंडी जाळी आडवी टाकतो, जमिनीपासून चार-पाच इंच वर. खाली मका, गहू, माठ, जे हाताला येईल ते पेरतो. जाळीतून वर आलेला शेंडा त्यांचा, खालचं मूळ माझं. उकरता येत नाही म्हणून वाफा पुन्हा पुन्हा फुटतो.

पिल्लांसाठी आईची पद्धत अजून चालू आहे. जुन्या मडक्यात ओलं शेण, भाताचं तूस, फाटकं गोणपाट कोंबायचं आणि संध्याकाळी वारुळाच्या तोंडावर पालथं घालायचं. सकाळी उन्हं यायच्या आत उचललं की आत वाळवीची नुसती बजबज. मडकं खुराड्यात आपटलं की आठ दिवसांची पिल्लं अशी तुटून पडतात की एकमेकांच्या पाठीवर चढतात. वारूळ मात्र घरापासून लांबचं बघ. नाहीतर पिल्लं पोसली जातील आणि वासे खाल्ले जातील.

सुक्या जवळ्याचा चुराही मी घालायचो, आता बेतानेच घालतो. जास्त झाला तेव्हा मुलगी ऑम्लेट पुढे सारून म्हणाली, “बाबा, हे कोंबडीचं आहे की बांगड्याचं?” खारवलेलं मात्र अजिबात नको, मीठ त्यांना सोसत नाही. कवचासाठी आम्ही कालवांची आणि तिसऱ्यांची शिंपलं कुटून वेगळ्या वाटीत ठेवतो. तुझ्याकडे समुद्र नाही, तेव्हा अंड्यांची टरफलं भाजून, बारीक चुरून घाल. अख्खी टाकलीस तर स्वतःचीच अंडी फोडायची सवय लागेल.

एक चूक सांगायची राहिली, ती सांगायला बरं वाटत नाही. पहिल्याच पावसाळ्यात मी शेंगदाण्याची पेंड माळ्यावर ठेवली होती. ओल धरली, कोपऱ्यात हिरवट-पिवळी बुरशी आली. मी वरचं झटकून बाकीची घातली. सहा पिल्लं गेली. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखभर पिल्लं मेली होती, तीही बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीनेच. त्या बुरशीच्या विषाचा, अ‍ॅफ्लाटॉक्सिनचा, शोध त्यातूनच लागला. मला हे नंतर वाचायला मिळालं. आता पेंडीला वास आला की ती थेट खड्ड्यात पुरतो. धान्याला मोड काढतानाही तीच काळजी घे, बुरशी दिसली की टाकून दे.

आणि मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस वेळेवर दे. त्यावर शेवगा नाही की अझोला नाही.

अष्टमीला ये. श्रावण असल्याने वडे-कोंबडी मिळणार नाही, कोंबडे सध्या निर्धास्त छाती काढून फिरतायत. शेगलाची भाजी आणि काळ्या वाटाण्याची आमटी मिळेल. शेवग्याची हातभर फांदी काढून ठेवतो. अझोला हवाच असेल तर झाकणाचा डबा आण. सध्या पावसाने हौद उतू जातोय, अर्धा अझोला गडग्याखालून शेजाऱ्याच्या भातात गेलाय. तो खूश आहे, म्हणतो, खत फुकट आलं.

काळी तलंग काल रवणीला बसली, पोटाखाली अकरा अंडी आहेत. आज सकाळी हात घालायला गेलो तर मनगटावर चोच मारून रक्त काढलं. अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे.

तुझा,
बाळ्या