शांता आपटे यांचं पुस्तक आता शासनानेच छापावं : मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शांता आपटे यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ (१९४०) हे पुस्तक महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळातर्फे पुनर्मुद्रित करण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

माझी मागणी एका पुस्तकापुरती आहे. ती का करते आहे, हे सांगायला मात्र थोडं मागे जावं लागेल.

पुण्यात आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, ती जागा मूळची प्रभात फिल्म कंपनीची. कोल्हापुरात १९२९ साली निघालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. जुलै १९३९ मध्ये प्रभातच्या फाटकाशी तिथलीच एक गाजलेली नायिका उपोषणाला बसली. करार आणि पगार यांवरून तिचं कंपनीशी बिनसलं होतं. ती नायिका म्हणजे शांता आपटे. उपोषण हे हत्यार तेव्हा देशाच्या ओळखीचं झालं होतं. पण पडद्यावरच्या नटीने ते स्वतःच्या मालकांविरुद्ध, हक्काच्या पैशांसाठी उपसावं, हे पुण्याला अगदी नवं होतं. शांताबाई प्रभातमधून बाहेर पडल्या आणि १९४० मध्ये त्यांचं ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आलं.

नटीचं पुस्तक म्हटलं की आठवणी, किस्से, फोटो असंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. या पुस्तकाचा रोख निराळा आहे. सिनेमात जाऊ पाहणाऱ्या तरुण मुलामुलींना शांताबाई हा धंदा आतून कसा चालतो ते सांगतात : भांडवल कुणाचं, घाम कुणाचा, करार कुणाच्या सोयीचा, राबून राबून शरीर कसं झिजतं. सिनेमात काम करणाऱ्या माणसाकडे श्रमिक म्हणून बघणारं इतक्या लवकरचं लेखन आपल्याकडे फार थोडं आहे, आणि ते एका बाईने मराठीत केलेलं आहे. आज परदेशातल्या विद्यापीठांतले अभ्यासक त्यावर इंग्रजीत लिहितात. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या बाजारात मात्र मी विचारत फिरले, तर एकाही दुकानात ते नव्हतं, आणि बहुतेकांनी नावही ऐकलेलं नव्हतं. एका गृहस्थांनी तर ‘कशाला उद्याची बात’वाल्याच का त्या, असं विचारलं. ते गाणं शांता हुबळीकरांचं. दोघी प्रभातच्याच, दोघी थोर, पण एकीचं खातं दुसरीच्या नावावर जमा व्हावं इतक्या आपण त्यांना विसरलो आहोत.

शांताबाईंनी सुरुवात केली ती १९३२ च्या ‘श्यामसुंदर’मध्ये, भालजी पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखाली, शाहू मोडकांच्या सोबत. १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ आला आणि त्या प्रभातच्या झाल्या. त्या काळी कॅमेऱ्यासमोर गाणं म्हणजे एका जागी उभं राहून, मैफलीत गावं तसं गाणं. शांताबाईंनी गाताना मान, हात, डोळे मोकळे सोडले. आज याचं कुणाला काही वाटणार नाही. तेव्हा प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतलं.

आणि मग १९३७ चा ‘कुंकू’. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून व्ही. शांताराम यांनी केलेला. तरुण नीराचं फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लग्न लावतात. केशवराव दाते यांनी ते काकासाहेब काय उभे केले आहेत! पण चित्रपट पेलते ती शांताबाईंची नीरा. ती नवऱ्याला नवरा मानायला साफ नकार देते. रडून, आजारी पडून, नशिबाला बोल लावून नव्हे. सरळ उभी राहून, नजरेला नजर देऊन. वाईट नजरेने जवळ येणाऱ्या सावत्र मुलाला ती वेताने फोडून काढते, तो प्रसंग बघताना आजही ताठ बसायला होतं. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, घरातले आवाज तेवढे ऐकू येतात, त्यामुळे तिच्या बोलण्यातली धार लपायला जागाच राहत नाही. सावत्र मुलीच्या भूमिकेत शकुंतलाबाई परांजपे आहेत, संततिनियमनाचं काम करणाऱ्या, रँग्लर परांजप्यांच्या कन्या. दोन बायका एका घरात एकमेकींच्या बाजूने उभ्या राहतात, हेही त्या चित्रपटात बघण्यासारखं आहे. नीरा साकारणारी नटी दोन वर्षांनी फाटकाशी जाऊन बसली, याचं मला तरी नवल वाटत नाही.

पुढे १९४१ मध्ये त्यांनी ‘सावित्री’ हा तमिळ चित्रपट केला. त्यात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. १९४२ चा ‘जमीनदार’ लाहोरच्या पांचोलींचा. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत शांताबाई गेल्या. त्याच महिन्यात पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं.

मंत्रिमहोदय, शांताबाईंच्या मृत्यूची ही तारीख माझ्या मागणीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. शांताबाईंच्या लेखनावरचा हक्क ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला. म्हणजे आता कुणाची परवानगी लागत नाही, मानधनाचा प्रश्न येत नाही, वारस शोधत बसावं लागत नाही. सरकारी कामात एरवी फाइल जिथे अडते, तो अडसर इथे उरलेलाच नाही.

साहित्य आणि संस्कृती मंडळ आपल्या खात्याच्या अखत्यारीत आहे. मंडळाने आजवर कितीतरी जुने, दुर्मीळ ग्रंथ अल्प किमतीत दिले आणि संकेतस्थळावर विनामूल्यही ठेवले. हे पुस्तक त्या रांगेत बसावं. सोबत चित्रपटाच्या जाणत्या अभ्यासकाची प्रस्तावना असावी, आणि १९३९ च्या उपोषणाच्या तेव्हाच्या वृत्तपत्रांतल्या बातम्या परिशिष्टात घ्याव्यात. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यातून होणारं काम शिलालेख आणि पोथ्यांपाशी थांबू नये, विसाव्या शतकातल्या बाईचं सडेतोड गद्यही त्यात यावं.

घाई एवढ्यासाठी की, उशिराची किंमत पुण्याने मोजलेली आहे. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. कागद असा भडकून जात नाही, तो हळूहळू जातो. १९४० च्या आसपासचं कुठलंही मराठी पुस्तक ग्रंथालयात मागून बघा : पान पिवळंतांबूस झालेलं असतं, उलटताना कोपरा बोटात तुटून येतो आणि शिवणीशी वाळवीची भोकं असतात. उरलेल्या प्रतींची हीच अवस्था होण्याआधी एका चांगल्या प्रतीचं स्कॅनिंग तरी तातडीने व्हावं. छपाई त्यानंतर सावकाश झाली तरी चालेल.

याच आवारात २०१५ मध्ये इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला होता. शांताबाईंचं पुस्तक त्यांच्यापैकी कितीजणांच्या हाती पडलं असतं, जर ते मिळत असतं तर!

प्रत मिळवणं, मजकूर संगणकावर उतरवणं, मुद्रितं तपासणं यासाठी मी मंडळाला विनामोबदला मदत करायला तयार आहे, आणि पुण्यात माझ्यासारखे आणखीही लोक पुढे येतील. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि झालेला निर्णय जाहीर करावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
पुण्यातील एक वाचक