तुसाच्या राखेचं पण काहीतरी करा साहेब : ग्रामविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. ग्रामविकास मंत्री साहेब, नमस्कार.

मी गोंदिया जिल्ह्यातला धानवाला, घर राइस मिलपासून हाकेच्या अंतरावर, सकाळी वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी राखाडी होतं एवढं सांगितलं की बाकी कळेल. 100 किलो धान भरडलं की साधारण 20 किलो तूस निघतं, ते बॉयलरमध्ये जळलं की 4 किलो राख उरते, आता आख्ख्या सीझनचा हिशोब तुम्हीच करा. जाते कुठं? नाल्यात, रस्त्याच्या कडेला, नाहीतर कुणाच्या तरी बांधावर.

कोळशाच्या राखेसाठी केंद्राने 1999 लाच नोटिफिकेशन काढलं, थर्मल प्लांटच्या आसपासच्या वीटवाल्यांनी ती वापरलीच पाहिजे म्हणून. आमची राख मात्र वाऱ्यावर, खरोखरच.

या राखेतून भिंतीचे ब्लॉक करता येतात. तिच्यात बहुतेक सिलिकाच असते, म्हणजे वाळूत असतं तेच द्रव्य. नुसती मातीत घालून काही होत नाही, पण जोडीला चुना दिला की हळूहळू धरते, मग बर्डी (मुरमाड) माती, चुना, थोडी राख, हाताच्या मशीनमध्ये दाबायचं, ओल्या पोत्याखाली तीनचार आठवडे ठेवायचं, झाला ब्लॉक, भट्टी नाही की सरपण नाही. सगळ्याच राखेने जमत नाही हेही सांगतो. तूस 700 डिग्रीच्या फार वर तापलं तर सिलिका चुन्याला दाद देत नाही, अर्धवट जळलं तर काळा कार्बन राहतो आणि तो पाणी पितो, आणि फुकट मिळते म्हणून राख जास्त ओतली तर ब्लॉक ठिसूळ. म्हणून प्रत्येक मिलची राख तपासावी लागेल, ते काम पॉलिटेक्निकच्या लॅबला द्या, पोरं पण शिकतील.

खरं घोडं घरकुलात अडलंय. एका इंजिनिअर साहेबांना विचारलं तर म्हणे, "मातीची भिंत? मग ते कच्चं घरच झालं ना!" अहो पण मातीच्या स्टॅबिलाइज्ड ब्लॉकसाठीच तर आयएस 1725 हे मानक आहे! घरकुलाच्या एस्टिमेटमध्ये हा ब्लॉक चालेल असा एक स्पष्ट जीआर काढा, आधी एकाच तालुक्यात दहा घरं बांधा, पाया दगडाचा, छप्पर चांगलं पुढे काढलेलं, आणि दोन पावसाळे जाऊ द्या, मग बघू. राख चाळणाऱ्या बायांना मास्क मात्र पहिल्या दिवसापासून द्या, ही धूळ छातीत बसते.

मशीन ठेवायला माझं खळं रिकामंच आहे, राख तर अंगणातच येऊन पडते.

आपला,
एक धान उत्पादक