ताप उतरला म्हणून गोळ्या बंद?

संपादक महोदय,

पावसाळा लागला की मुंबईतल्या मलेरियाच्या पेशंटचे आकडे तुम्ही छापता, टाक्यांवर झाकणं ठेवा तेही छापता, पण गोळ्यांचं कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहितोय. आमच्या बिल्डिंगमध्ये दर वर्षी कुणीतरी म्हणतंच की ताप गेला, आता गोळ्या कशाला, उगाच लिव्हरला त्रास. अहो, पण तो जंतू लिव्हरमध्येच तर दडून बसलेला असतो!

अ‍ॅनोफिलीस डासाची मादी चावली की जंतू रक्तातून थोड्याच वेळात लिव्हर गाठतात, तिथे आठवडाभर किंवा जास्तच गुपचूप वाढतात, तोवर माणसाला पत्ताही नसतो. मग हजारोंनी बाहेर पडून लाल पेशींत शिरतात, आतलं हिमोग्लोबिन खातात, पेशी फोडून पुढच्या पेशीत. व्हायवॅक्स या मलेरियाच्या प्रकारात ही फेरी साधारण 48 तासांची, म्हणून एक दिवसाआड हुडहुडी, मग फणफणून ताप, मग घामाने अंथरूण ओलं (सुरुवातीला मात्र ताप रोजही येतो, त्यामुळे वेळापत्रक बघत बसू नका, रक्त तपासा). पेशी कमी झाल्या की अंगात रक्त राहत नाही, प्लीहाही सुजते.

फाल्सिपेरम हा दुसरा प्रकार तर त्याहून वाईट. त्यात जंतू शिरलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांना आतून चिकटतात, मेंदूपर्यंत रक्त नीट पोचत नाही, माणूस बेशुद्ध होतो, किडनी जाऊ शकते. गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांना हे काही नवीन नाही.

आता मुद्दा. व्हायवॅक्सचे काही जंतू लिव्हरमध्ये झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी कधी महिन्यांनी जागे होतात, नवीन डास न चावताही पुन्हा मलेरिया. क्लोरोक्वीन हे औषध रक्तातले जंतू मारतं, या झोपलेल्यांना काही करत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्वीन, आणि तो कोर्स 14 दिवसांचा, लोक मात्र चौथ्या-पाचव्या दिवशी पाकीट कपाटात टाकतात आणि दिवाळीत ताप आला की पालिकेला शिव्या घालतात. पण मेडिकलमधून आपल्या मनाने आणूनही खायची नाही हं ही गोळी, जी६पीडी (लाल पेशींना सांभाळणारं एन्झाइम) कमी असेल तर तिने लाल पेशी फुटतात, आणि गरोदर बाईला तर देतच नाहीत, डॉक्टरलाच विचारायचं.

तेव्हा एक करा, आकड्यांच्या बातमीखाली रोज एक छोटी चौकट टाका, प्रायमाक्वीन सुरू असेल तर डॉक्टरने सांगितलेले सगळे दिवस घ्या म्हणून. जागा नसेल तर राशिभविष्य दोन ओळी कमी करा.

आपला,
एक नियमित वाचक, परळ