वकील पहिल्याच रात्री गाठा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रोज कुठं ना कुठं बांधावरून मारामारी, अमक्याला अटक, तमक्याची हिंडलग्याच्या जेलला रवानगी अशा बातम्या येतात आणि आपण चहा पिता पिता वाचून पान उलटतो. गेल्या वर्षी पेरणीच्या दिवसात तशीच चार ओळींची बातमी माझ्या भाच्याची आली, तेव्हापासून मला पान उलटायला जमत नाही. त्या वर्षभरात जे बघितलं, वकील साहेबांना विचारून विचारून जे समजून घेतलं ते लिहून पाठवते, बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या मराठी घरांना उपयोगी पडेल म्हणून. मी शिवणकाम करते, कायद्याचं शिक्षण माझं काही नाही. दादा गोव्याला ड्रायव्हर, म्हणून पोलीस स्टेशन, कोर्ट, जेल ही सगळी धावपळ वहिनीला घेऊन मीच केली.

भांडण बांधावरचंच. ट्रॅक्टरनं बांध कोरला, दोन्हीकडची माणसं जमली, शिव्या झाल्या, ढकलाढकली झाली, समोरच्याच्या डोक्याला लागलं आणि भाच्याच्या डाव्या हाताला कोयता चाटून गेला. समोरची माणसं तडक सरकारी दवाखान्यात गेली, डॉक्टरला सगळं सांगितलं, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची जखमेची दवाखान्यातली नोंद, झाली, तिथून पोलीस आणि फिर्याद. आमचा पोरगा घरी आला, वहिनीनं जखमेवर हळद दाबली, वर चिंधी बांधली, आणि गावातले जाणते म्हणाले गप बसा, मिटेल. मी वकिलाचं नाव काढलं तर म्हणाले अजून केस कुठं उभी राहिलीय, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. रात्री आठ वाजता गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. खुनाचा प्रयत्न हे कलम लागलंय हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि वकील केला तो नवव्या दिवशी.

वकील साहेबांनी फाईल उघडायच्या आधी विचारलं, हाताला लागलेला डॉक्टरचा दाखला कुठाय? दाखला नव्हताच. मग म्हणाले तुमची स्वतःची फिर्याद? ती पण नव्हती. स्टेशनला घेतली नाही तर एसपींना लेखी कळवता येतं, तिथं पण नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग विचारलं आजूबाजूला कुठं कॅमेरा? गावच्या डेअरीला कॅमेरा आहे, शेताकडं आधी कोण गेलं, कुणाच्या हातात काय होतं ते त्यात दिसलंच असतं, पण आम्ही पोचलो तोवर त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढून गेलेलं. पहिल्या दिवशी वकील असता तर पोराला आधी दवाखान्यात पाठवला असता आणि कॅमेऱ्याचं फुटेज राखून ठेवा म्हणून लेखी अर्ज दिला असता. भाच्याच्या हातावर वण आज पण दिसतो, पण केसमधल्या एकाही कागदावर तो नाही.

म्हणून मी कळकळीनं सांगते, वकील म्हणजे शेवटी कोर्टात उभा राहून भाषण करणारा माणूस ही समजूत आपण काढून टाकली पाहिजे. त्याचं खरं काम अटकेच्या आधी सुरू होतं. एफआयआर काय आहे ते बघणं, ती २४ तासांच्या आत वेबसाइटवर टाकावी असं सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये सांगितलंय, फार नाजूक गुन्हे सोडून. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची हे २०१४ पासून कोर्ट सांगतंय आणि आता नव्या कायद्यात, म्हणजे १ जुलै २०२४ पासून चालू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, ते कलम ३५ मध्ये आहे. अशी नोटीस आली की आपल्याकडं पोरं घाबरून चंदगड, गडहिंग्लजकडं पाहुण्यांच्यात जाऊन बसतात, आणि नोटीस पाळली नाही म्हणूनच मग अटक होते. वकील असला तर तो नोटिशीला उत्तर देतो, पोराला घेऊन वेळेवर हजर करतो, किंवा कलम जड असेल तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकतो. आपण सीमेवरची माणसं, शेत इकडं तर पाहुणे तिकडं, फिर्याद कुठल्या राज्यात झालीय त्यावर कोर्ट ठरतं, चंदगडला झाली तर अर्ज महाराष्ट्रात, इकडं झाली तर बेळगावच्या सेशन कोर्टात नाहीतर धारवाडच्या हायकोर्ट खंडपीठात. दुसऱ्या राज्यात फिर्याद असली तरी तिथल्या कोर्टात पोचेपर्यंत थोड्या दिवसांचं संरक्षण आपल्याकडचं कोर्ट देऊ शकतं असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये म्हटलंय.

आता भाषेचं सांगते, कारण आमचं सगळ्यात जास्त नुकसान तिथं झालं. माझं आणि भाच्याचं शिक्षण मराठी शाळेत. कन्नड बोलता येतं, बाजारात, बसमध्ये, गिऱ्हाइकाशी काही अडत नाही, पण स्टेशनातल्या कागदावरचं कन्नड वेगळं असतंय. त्या रात्री माझ्यासमोर तीन कागद ठेवले. हवालदार वाईट वागला नाही, वहिनीला त्यानं पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, पण कागद कसले ते सांगितलं नाही, नुसतं बोट ठेवून इथं सही म्हणाला. मी सही केली. त्यातला एक अटकेची खबर नातेवाइकाला दिल्याचा होता आणि एक अटकेची कारणं समजावून सांगितली असा होता, हे नंतर कळलं. मला कुणी एक शब्द समजावला नव्हता आणि भाच्याला पण नाही. महजर म्हणजे पंचनामा एवढं पण मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिलाय की अटकेची कारणं लेखी द्यायची, अटक झालेल्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची, आणि लगेच जमलं नाही तर निदान रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याच्या दोन तास आधी द्यायची, नाहीतर ती अटक आणि रिमांड बेकायदा ठरते. तो खटला महाराष्ट्रातला होता पण निकाल सगळ्या देशाला लागू आहे, आपल्याला तर सगळ्यात जास्त. हे मागायला जागेवर वकील लागतो. आपण मागितलं तर उद्धट दिसतो, त्यानं मागितलं तर ते नोंदीत येतं.

चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क कायद्यात आहे, पूर्ण वेळ शेजारी बसता येत नसलं तरी भेट होते, आणि त्या एका भेटीत तो पोराला सांगतो की पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, त्यांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. एक सवलत पोलिसांना आहे, आरोपीनं दाखवलं म्हणून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो, आणि नेमकं तिथंच पोरं अडकतात. २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं की तिथं पण वकील पाहिजे. कोठडी कशाला पाहिजे, अजून काय जप्त करायचंय, हे विचारणारा कुणी नसेल तर पोलिसांचा अर्ज तसाच मंजूर व्हायला वेळ लागत नाही. आमच्या वेळी कुणीच नव्हतं. मारहाण झाली असेल तर ती तिथंच मॅजिस्ट्रेटला सांगायची असते, हे पण पोरांना आधी कुणी सांगत नाही.

भाचा १९ दिवस हिंडलग्याला होता. जामीन मिळाला तरी सुटायला आणखी तीन दिवस गेले, कारण जामीनदार. आपल्या नावावर उतारा असलेला, आधार घेऊन कोर्टात उभा राहायला तयार असलेला माणूस शोधताना गावातल्या माणसांची खरी ओळख होते. ज्यांनी गप बसा म्हणून सांगितलं होतं त्यातला एक पण आला नाही, शेवटी वहिनीच्या माहेरचे आले. ज्याला जामीनदार मिळतच नाही त्याच्यासाठी अटी सैल कराव्या म्हणून वकील अर्ज करू शकतो, सुप्रीम कोर्टानं २०२३ च्या जानेवारीत त्याबद्दल सूचना दिल्यात. आणि जामीन नाकारला गेला तरी वकील दिवस मोजत असतो, पोलिसांनी ६० दिवसांत, दहा वर्षं किंवा वरच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर ९० दिवसांत चार्जशीट दिली नाही तर जामीन हा हक्क होतो. पण चार्जशीट यायच्या आत अर्ज टाकावा लागतो, नाहीतर हातचा हक्क जातो. घरच्या माणसाला हे दिवस मोजायला सुचत नाही हो, तो डबा, पैसे, भेटीची वेळ यातच असतो.

चार्जशीट आली की कागदांच्या नकला फुकट मिळतात, सगळ्या मागून घ्या, आणि कन्नड येत नसेल तर वकिलाच्या ऑफिसात बसून एकेक पान मराठीत ऐका. आम्ही दोन संध्याकाळ बसलो. फिर्यादीत कोयता म्हटलंय, समोरच्याच्या डॉक्टरच्या कागदावर बोथट वस्तूनं झालेली साधी दुखापत म्हटलंय. वाचून दाखवलं नसतं तर हे आम्हाला कधी कळलं नसतं. अशा कागदांवरूनच वकील दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालायच्या आधीच सोडा म्हणून, अर्ज करतो नाहीतर जड कलम काढा म्हणून मागतो, त्याला सुद्धा आता ६० दिवसांची मुदत आहे. आमची केस सध्या याच टप्प्यावर आहे.

उलटतपासणी मी दुसऱ्यांच्या केसमध्ये बघितली. आमचा पुकारा दुपारनंतर व्हायचा, तोवर मागच्या बाकावर बसून असायची. एक पंच साक्ष देत होता, म्हणाला मी शेतात जाऊन पंचनाम्यावर सही केली. आरोपीच्या वकिलानं आवाज न चढवता विचारलं, शेतात विहीर कुठल्या बाजूला आहे? पंच म्हणाला पूर्वेला. कच्च्या नकाशात विहीर पश्चिमेला होती. मग विचारलं, गेलात कशानं, कुणाच्या गाडीतून, पाऊस होता का. पाचव्या सहाव्या प्रश्नाला तो म्हणाला सही स्टेशनात केली होती. कोर्टात एकदम शांतता. त्या वकिलानं ओरडाआरडा केली नाही, टेबल आपटलं नाही, त्यानं फक्त कागद नीट वाचले होते आणि बहुतेक स्वतः शेतावर जाऊन आला होता. तिथून पुढं मला वकील कसा बघायचा ते कळलं.

साक्ष आपल्याला न समजणाऱ्या भाषेत चालली असेल तर ती भर कोर्टात आपल्याला समजेल अशा भाषेत सांगितली पाहिजे असं कलमच आहे. साक्षी संपल्या की न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात, त्यावेळी घाबरून हो हो म्हणणारी माणसं मी बघितलीत, त्याची तयारी आधीच्या दिवशी वकिलानं करून घेतली पाहिजे. शिक्षा झालीच तर निकालाची एक प्रत फुकट आणि लगेच मिळते, मागितली तर शक्य असेल तिथं आपल्या भाषेत भाषांतर पण. अपिलाला सेशन कोर्टात ३० दिवस, हायकोर्टात ६० दिवस, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून पळापळ.

पैशाचं पण बोलते. आम्ही नऊ दिवस थांबलो त्यात निम्मं कारण पैसे होते, आणि त्याची गरजच नव्हती हे वाचून मला रडू आलं होतं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या कुणालाही, बायकांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. जिल्हा कोर्टात आणि तालुका कोर्टात विधी सेवेचं ऑफिस असतं, १५१०० ला फोन करून पण चालतं. स्वतःचा वकील केला तर फीची पावती मागा. निकाल लावून देतो, जिंकलो तर एवढे द्या असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा, असं ठरवणं बार कौन्सिलच्या नियमातच बसत नाही. आणि केलेल्या वकिलाशी खोटं बोलू नका, आपण त्याला सांगितलेलं तो बाहेर सांगू शकत नाही. भाच्यानं पहिल्यांदा मी तिथं नव्हतोच म्हणून सांगितलं होतं, त्यात आमचे आणखी दोन आठवडे गेले.

संपादक साहेब, माझ्या दोन मागण्या आहेत. एक, अटक झाली तर काय मागायचं, कुणाला फोन करायचा एवढी अर्ध्या पानाची माहिती साध्या मराठीत तुम्ही महिन्यातून एकदा छापा, लोक कापून भिंतीला चिकटवतील. दुसरी आपल्या मराठी बोलणाऱ्या वकील मंडळींना. विधी सेवेची शिबिरं तालुक्याच्या गावात होतात, ती आमच्या वाडीवस्तीपर्यंत आणा, ग्रामपंचायतीत नाहीतर देवळात घ्या, बायकांना दुपारी वेळ असतो तेव्हा घ्या. सतरंजी अंथरायचं आणि माणसं जमवायचं काम मी करते.

भाच्याची केस चालू आहे म्हणून माझं नाव आणि गाव छापू नये ही विनंती.

आपली नम्र,
सीमाभागातील एक वाचक