एकवीस गाठणे हा उद्देशच नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतली ‘पाच मिनिटांत ब्लॅकजॅक शिका’ ही चौकट वाचली. मला हा खेळ अंगवळणी पडायला चार महिने लागले, त्यामुळे मथळा वाचून आधी हसू आलं. मग पहिल्याच वाक्याशी अडखळले: ‘एकवीसच्या जास्तीत जास्त जवळ जाणे हा या खेळाचा उद्देश.’ हेच वाक्य मलाही पहिल्या दिवशी कुणीतरी ऐकवलं होतं आणि त्यापायी मी दीड महिना नुसती हरत होते.

मी निवृत्त रोखपाल. जन्मभर नोटा मोजल्या आणि एकसष्टाव्या वर्षी पानं मोजायला बसले. शिकवणारा माझा भाचा. पैसे नाहीत, शिवणाच्या डब्यातली बटणं लावायची. नियम सोपेच आहेत. दुर्रीपासून दश्शीपर्यंत पानावर असतील तितके गुण, गुलाम-राणी-राजा प्रत्येकी दहा, एक्का सोयीप्रमाणे एक किंवा अकरा. आपल्याला दोन पानं, डीलरला (पानं वाटणाऱ्याला) दोन. त्याचं एक उघडं, एक झाकलेलं. हवी तितकी पानं मागा, बेरीज एकवीसच्या वर गेली की फुटलात. डीलरला मात्र डोकं चालवायची मुभा नाही. सोळापर्यंत त्याने पान घ्यायचंच, सतराला थांबायचंच. इथवर आपल्या चौकटीत चूक नाही.

मी काय करायचे, तर बारा-तेरा झाले की ‘एकवीस अजून लांब आहे’ म्हणून पान मागायचे आणि फुटायचे. भाचा माझी बटणं ओढून घ्यायचा, मग स्वतःचं झाकलेलं पान उलटायचा, पुढचं घ्यायचा, आणि तोही फुटायचा! मी म्हणायचे, अरे, मग बरोबरी झाली ना? तो म्हणायचा, “मावशी, तू आधी फुटलीस. तुझी बटणं तेव्हाच गेली.” डीलरचा सगळा फायदा एवढ्यातच आहे. त्यात हातचलाखी काही नाही, पाळीचा प्रश्न आहे. आधी आपण खेळायचं, आणि दोघंही फुटले तर हरायचं आपणच. म्हणून ‘डीलर खेळतो तसंच खेळा’ हा चौकटीतला दुसरा सल्लाही महागात पडतो. तसं खेळलं तर लावलेल्या शंभरातले साधारण साडेपाच लांबच्या हिशेबात जातात. नीट खेळलं तर साधारण अर्धा.

नीट म्हणजे कसं, हे मला भाच्याने भलत्याच पद्धतीने शिकवलं. आठवडाभर माझी पानं पालथी ठेवायला लावली. आधी त्याचं उघडं पान मोठ्याने म्हणायचं, मगच आपली उचलायची. “छक्की!” असं ओरडून मी माझे बारा बघायचे आणि थांबायचे. का थांबायचं? कॅटमध्ये दहा गुणांची पानं सगळ्यांत जास्त, 52 मध्ये 16. तेव्हा छक्कीखाली दहाचं पान असण्याचा संभव इतर कुठल्याही पानापेक्षा मोठा. म्हणजे डीलरचे सोळा, आणि सोळावर त्याला पान घेणं भाग. त्या पानाच्या 13 प्रकारांपैकी सहापासून राजापर्यंतचे 8 त्याला फोडतात. छक्की उघडी असताना डीलर शंभरात सुमारे 42 वेळा फुटतो. अशा वेळी मी कशाला जीव धोक्यात घालू? त्याचंच त्याला फुटू द्यावं. दश्शी उघडी असेल तर तो शंभरात 23 वेळाच फुटतो, एक्का असेल तर त्याहूनही कमी. तिथे बारा-तेरावर स्वस्थ बसून चालत नाही, सतरा होईपर्यंत पान घ्यावंच लागतं. बारा गुणांवर थांबूनही डाव जिंकता येतो, हे ज्या दिवशी पटलं त्या दिवशी माझा खेळ सुरू झाला. उद्देश डीलरला हरवण्याचा, एकवीसचा त्यात संबंध कुठे आला?

तरी सोळासमोर दश्शी आली की आजही पोटात खड्डा पडतो. हा हात रडकाच. थांबले तर शंभरातले 77 डाव जातात, आणि पान घेतलं तर नुकसान त्याहून अगदी किंचित कमी, एवढाच काय तो फरक. नवशिक्याला वाटतं की आपलं काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं, हात वाईट आलेला असतो. बँकेच्या खिडकीवर दिवसअखेर रोकड कमी भरली की चूक कुणाची तरी असायचीच, त्यामुळे हे पचवायला मला जड गेलं.

अठ्ठ्यांची जोडी आली तर ती फोडून दोन हात करायचे, दश्श्यांची कधी फोडायची नाही. पहिल्या दोन पानांत अकरा झाले तर बटणं दुप्पट करायची. डीलरचा एक्का दिसत असेल तर मात्र जपून. एक्का आणि छक्की मिळून सतरा झाले तरी थांबायचं नाही, कारण एक्क्याचा एक करता येतो आणि पुढच्या पानाने फुटायची भीतीच नसते. ही यादी आठ-दहा दिवसांत पाठ होते.

खरा राग आला तो ‘डीलरचा एक्का दिसला तर इन्शुरन्स घेऊन सुरक्षित राहा’ या वाक्याचा. नाव विम्याचं, पण ती निव्वळ वेगळी पैज आहे. डीलरचं झाकलेलं पान दहाचं निघेल यावर आपल्या डावाच्या निम्म्यापर्यंत लावायचं, निघालं तर लावलेल्याच्या दुप्पट मिळतं. आता 13 प्रकारच्या पानांत दहाचे प्रकार 4. तेरा वेळा एकेक बटण लावलं तर 4 वेळा दोन-दोन मिळून 8 आली आणि 9 वेळा एकेक मिळून 9 गेली. माझ्या पहिल्या 200 डावांची वही आहे. प्रत्येक डावाला दोन बटणं, तेव्हा इन्शुरन्सला एक. तो मी 15 वेळा घेतला, 4 वेळा लागला. 8 मिळाली, 11 गेली. स्वतःच्या हातात ब्लॅकजॅक (पहिल्याच दोन पानांत एकवीस) असताना घेतला तरी हिशेब तोच राहतो. ज्याने बाहेर गेलेली पानं मोजायचं कसब कमावलेलं नाही त्याने इन्शुरन्सकडे बघूही नये.

आणि जे छापायला हवं होतं ते राहूनच गेलं. पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाचं पान आलं की तो ब्लॅकजॅक, त्याला दीडपट मिळतं, असं आपण लिहिलंय. सगळीकडे मिळत नाही. काही टेबलांवर दोनास तीनऐवजी पाचास सहा असा भाव असतो. दहा बटणं लावली तर एकीकडे 15 मिळतात, दुसरीकडे 12. ब्लॅकजॅक येतो साधारण 21 डावांतून एकदा. म्हणजे 210 बटणं फिरवली की 3 जादा गेली, जवळजवळ दीड टक्का! तक्ता (कुठल्या हाताला काय करायचं त्याची यादी) पाठ करूनही जो अर्धा टक्का जातो, त्याच्या जवळजवळ तिप्पट नुसतं चुकीच्या टेबलाशी बसल्याने वर घालवायचं.

तक्त्याचंही तसंच. ‘हा तक्ता वापरा आणि जिंका’ असं आपण लिहिता. हा तक्ता पहिल्यांदा पद्धतशीर काढला तो बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅकडरमॉट या अमेरिकी लष्करातल्या चौघांनी, टेबलावरच्या हिशेबयंत्रांवर आकडे मारून, आणि 1956 साली तो छापला. (तसल्या यंत्रांचं मोल रोखपालाला विचारा.) त्यांच्याही गणितात खेळणाऱ्याचं पारडं किंचित हलकंच निघालं होतं. ते जड करण्याची रीत एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने 1962 साली पुस्तक लिहून मांडली, पण ती बाहेर गेलेली पानं लक्षात ठेवायची रीत. नवशिक्याच्या तक्त्यात ती नाही. तक्ता फक्त हरण्याचा वेग कमी करतो. मी बटणांवर खेळते, त्यामुळे मला ते चालतं.

तेव्हा पुढच्या रविवारी निदान इन्शुरन्सच्या वाक्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती. जागा उरलीच, तर पहिलं वाक्यही बदला. ‘डीलरचं उघडं पान बघा’ एवढे चारच शब्द पुरतील.

कळावे,
आपली एक नियमित वाचक
(निवृत्त रोखपाल)